सहावा रकाना

मी पाच रकाने आखून दिले होते:
वस्तू. वेळ. कोण बोलतं. कसं बोलतं. मागे काय दिसतं.
पंधरा दिवस रोज तासभर टीव्ही बघायचा,
आणि आपला मुलूख जिथे दिसेल तिथे नोंद करायची.
गृहपाठात टीव्ही! सातवी ‘ब’ने बाकं बडवली.
एका पालकांची चिठ्ठी आली,
तिचं उत्तर अजून द्यायचंय.

फिंदिक्लीत पाऊस थांबायचं नाव घेत नाही,
त्यामुळे नोंदी भरपूर,
आणि वह्यांना ओल्या लोकरीचा वास.

एन्सारने लिहिलं:
मोबाइलचं रिचार्ज. रात्री आठ वाजून दहा मिनिटं.
बोलणारा काळ्या समुद्राकडचा काका, म्हणजे आपण.
नाक मोठं. पण बाई, ते चिकटवलेलं आहे,
कडेला रंग वेगळा दिसतो.
मी लाल शाईत लिहिलं, निरीक्षण छान.
आणि पेन्सिलीने, फक्त माझ्यापुरतं:
एवढं मोठं नाक, तेही मुठीत धरून बोलतो.

बँक, लोणी, सिमेंट, पुन्हा बँक.
चौतीस जाहिरातींत एकोणीस वेळा
केमेन्चेच्या तीन तारा करकरल्या,
बावीस वेळा आपल्यातला कुणीतरी धडपडला
आणि शहरातला माणूस हसला.

मेलेकनूरची नोंद अशी:
आई आमच्या गायीशी लाझ भाषेत बोलते.
लोण्याच्या जाहिरातीतल्या गायीला तुर्की कळतं.
ही गाय कुठली?
वर्ग खिदळला. मीही.
मग उगाचच फळा पुसत राहिले.
मला लाझ येते ती एवढीच:
आर, जुर, सुम, आणि दोन शिव्या.

सेल्वेर फारशी बोलत नाही.
तिने पंधरा दिवस एकच जाहिरात बघितली, चहाची.
लख्ख ऊन, पाठीला वेताची टोपली,
एक बाई दोन बोटांनी पान खुडते,
कुणाच्या तरी केसांतलं फूल काढावं तशी.

पहिला दिवस: कात्री नाही.
दुसरा दिवस: कात्रीला बांधलेली पिशवी नाही. रबरी बूट नाहीत.
चौथा: सीमेपलीकडून येणारे जॉर्जियन मजूर नाहीत.
पाचवा: पोती खाली सोडायची तार पुसून टाकली आहे,
खांब मात्र राहिलाय.
नववा: अकराव्या सेकंदाला हात बदलतो.

मी वर्गात जाहिरात लावली, अकरावर थांबवली.
पडद्यावर एक हात, जरासा थरथरणारा.
अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं,
चिरांमध्ये चहाचा काळा चीक.
आत्या, सेल्वेर म्हणाली. हमीदे आत्या.

मे महिन्यात ती माणसं आमच्या उतारावर आली होती.
त्या बाईच्या बोटांना खाजकुयली लागली, बोटं सुजली.
मग आत्याला बोलावलं.
तीनदा लिंबाने हात घासायला लावला,
कात्री खाली ठेवायला सांगितली.
बोटांनी खुडायचं ती केव्हाच विसरली होती,
त्यांनीच तिला शिकवलं.
दुपारचं जेवण दिलं. चहाचा एक डबाही दिला.

डबा? एन्सारने विचारलं.
चहाचा? आत्याला?
या वेळी कुणी हसलं नाही.
मागच्या बाकावरून आवाज आला, पुन्हा लावा.
लावली. पुन्हा. अकराव्या सेकंदाला
सत्तावीस मुलं पुढे झुकायची,
बाराव्याला मागे टेकायची.

सेल्वेरच्या वहीत पट्टीने ओढलेला
सहावा रकाना होता. मथळा नाही.
आत एकच शब्द, तोही लाझमध्ये.
मला वाचता आला नाही,
आणि विचारायलाही लाज वाटली.

माझ्या तक्त्यात वीस गुण, रकान्याला चार.
वही आठवडाभर टेबलावर पडून आहे.

निघताना एवढंच विचारलं, आत्याने बघितली का गं?
एकदा, ती म्हणाली.
एरवी त्या वेळी ती पोती घेऊन वजनाच्या रांगेत असते.
काय म्हणाली?
म्हणाली, कुणाचा गं हा हात,
किती स्वच्छ आहे.